उरेब भिंत

त्याचं खरं नाव कुणी विचारलं असतं तर त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागलं असतं. गवंड्यांपासून इंजिनिअरांपर्यंत सगळे त्याला गुण्या म्हणत. गुण्या म्हणजे गवंड्याची ती लोखंडी काटकोनी पट्टी. दोन भिंती जिथे भेटतात त्या कोपऱ्यात ती लावून बघायची. नीट बसली तर खोली गुण्यात आहे, नाही बसली तर नाही. याच्या कमरेला ती सदा खोचलेली असे. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती कमरेला आहे, असं त्याची बायको सांगते. तो नाही म्हणतो, पण फोटो काही दाखवत नाही.

तरुणपणी तो गवंडीकाम शिकला, पण रमला ते आखणीत. घर बांधणारे पुष्कळ होते. घर नेमकं कुठे उभं राहणार ते जमिनीवर काढून देणारा हा एक. शहर वाढत होतं. आधी मोठं हॉस्पिटल आलं, त्याच्यामागून कॉलेज आलं, आणि ज्या माळावर संध्याकाळनंतर कुणी एकटं फिरकत नसे तिथे प्लॉट पडले. 'गावाबाहेर' हा शब्द दरवर्षी थोडा थोडा पुढे सरकत होता. इंजिनिअर कोपऱ्यांच्या खुणा करून देई. मग गुण्या खुंट्या ठोकी, दोरी ताणी आणि बुडाला भोक पाडलेल्या डब्यातून फक्की सोडत दोरीच्या कडेने चालत जाई. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड. अंगाने तो त्या दोरीसारखाच होता, बारीक आणि ताणलेला. तो वाकून चालू लागला की लांबून नुसती एक पांढरी रेघ आपणहून उमटत गेल्यासारखी वाटे.

दोरीचं दुसरं टोक त्याची बायको धरी. पूर्वी एक जोडीदार होता, पण गप्पांच्या नादात तो दोरी सैल सोडायचा. बायको गप्पा मारतानाही सोडत नसे. "माझ्या हातून काही सैल सुटत नाही," ती म्हणे, "दोरी नाही आणि हे तर नाहीतच."

आखणी झाली की मालक सहकुटुंब बघायला येत. रेघ ओलांडायला बिचकत. दार जिथे ठेवलेलं असे तिथूनच आत शिरत. मग घरची बाई स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात पसरे आणि म्हणे, "एवढंच?" उघड्या आभाळाखाली आखलेली कुठलीही खोली लहानच दिसते. तिच्याशेजारी माप म्हणून आभाळ असतं, त्याला कोण काय करणार! गुण्याचं उत्तर ठरलेलं होतं. "भिंती येऊ द्या, बाई. भिंती आल्या की खोली मोठी होते." हे तो इतक्यांदा बोलला होता, की दोरी गुंडाळता गुंडाळता बायको त्याच्याआधीच ओठ हलवायची. दुसरंही एक वाक्य ठरलेलं होतं. "खोलीच गुण्यात नसेल तर माणसं गुण्यागोविंदाने राहतील कशी?" यावर कुणी "मग गोविंद कुठाय?" असं विचारलंच, तर तो दोरीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवी.

ही सरळ रेघ त्याला कुठल्या गवंड्याने शिकवली नव्हती. ती ताईने शिकवली.

आईवडील लवकर गेले तेव्हा ताई वयाने बरीच मोठी होती आणि हा अगदीच लहान. ती कपडे शिवायची. पुढे तिचं लग्न झालं, लेक झाली, नवरा गेला, लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. ताईची मशीन तेवढी त्याच रस्त्यावरच्या त्याच खोलीत चालत राहिली. खोलीत निम्मी जागा तिच्या बेतायच्या टेबलाने अडवलेली. लहानपणी गुण्या त्या टेबलाखाली झोपायचा. वर कात्री चाले, करकर असा आवाज लाकडातून खाली उतरे, त्यावर त्याला झोप लागे. त्याच टेबलावर ताईने एकदा त्याच्या हातात खडू दिला आणि कापडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ मारायला सांगितली. रेघ वाकडी आली. "हाताकडे काय बघतोस? डोळा टोकावर ठेव," ती म्हणाली. "जिथे जायचंय तिथे बघितलं की हात आपोआप सरळ जातो." पुढे आयुष्यभर गुण्याने दुसरं काही केलंच नाही.

तर आता तो रस्ता रुंद व्हायचा होता. हॉस्पिटलकडे जाणाऱ्या गाड्या तिथे तुंबून राहत. समोरच्या बाजूला अख्ख्या वस्तीला पाणी देणारी टाकी. ती हलवणं शक्य नव्हतं. म्हणून रस्ता टाकीला वळसा घालून ताईच्या बाजूने तिरका जाणार असं आराखड्यात ठरलं. हरकती ऐकायला नगररचना ऑफिसने सगळ्यांना बोलावलं. तिथली इंजिनिअर मॅडम वयाने लहान होती, पण तिने प्रत्येकाचं नीट ऐकून घेतलं. ताईचंही ऐकलं. काहीच बदलता येणार नव्हतं, तेही तिने नजर न चुकवता सांगितलं.

घरी येऊन ताई म्हणाली, "पोरगी वाईट नाही. वाढत्या अंगाचं कापड आहे, ढगळ शिवायलाच हवं. फक्त कापड माझं घेतलं."

"मग तू काय करणार?" गुण्याने विचारलं.

"टेबल राहिलं तर मी राहते. बेतायला टेबल नाही तर दुकान नाही. दुकान नाही तर इथे बसून काय करू, माश्या मारू? लेक बोलावतेच आहे."

गुण्याने मनात खोली मोजली, टेबल मोजलं, परत खोली मोजली. टेबल बसत नव्हतं. वीतभर जागा कमी पडत होती. फक्त वीतभर!

रस्त्याकडचे पुढचे भाग पाडून झाले. ओळीतली सगळी घरं समोरून उघडी पडली, पडदा वर गेल्यावर नाटकातलं घर दिसावं तशी. ताईच्या दुकानाची मागची भिंत, तिच्यावरची दोऱ्यांच्या रिळांची फळी, खिळ्याला अडकवलेली कात्री, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू लागलं. टेबल मागच्या खोलीत उभं करून ठेवलं होतं. आता उरलेल्या जागेत नवी भिंत नेमकी कुठे बांधायची, त्याची रेघ मारायचं काम निघालं. ते गुण्याकडेच येणार हे सगळ्यांना माहीत होतं, गुण्यालाही.

त्या सकाळी मॅडमने तिपाईवरचं यंत्र लावून ओळीच्या दोन्ही टोकांना खिळे ठोकले, त्यांना लाल रंग दिला आणि ती टाकीच्या बाजूला निघून गेली. दोन खिळ्यांमध्ये दोरी ताणायची आणि फक्की सोडायची, इतकंच उरलं होतं.

"आधी ताईंची ओळ उरकून घेऊ," बायको म्हणाली. "वारा पडलेला आहे तोवर."

"होईल ती. आधी पलीकडची बाजू."

पलीकडची बाजू झाली. मग त्याला डबा साफ करावासा वाटला. मग दोरीला गाठ आहे असं वाटलं. गाठ नव्हती. बायको त्याच्याकडे बघत राहिली. दुपार कलली, आणि ताईच्या घराला लागून असलेल्या बोळातून रोजच्यासारखा वारा सुटला. तो बोळ म्हणजे फुंकणीच होती. मागच्या माळावरचा सगळा वारा त्यातून बाहेर पडे आणि नेमका ताईच्या उंबऱ्यापुढून रस्त्यावर जाई.

"चल, धर," गुण्या म्हणाला.

"आत्ता? अहो, आत्ता वारा..."

"धर म्हणतो ना."

लांब दोरी असली की मध्ये मध्ये ती विटेखाली दाबायची, म्हणजे वाऱ्याने सरकत नाही. नवशिक्यालाही हे सांगावं लागत नाही. बायकोने टोक धरलं, दुसऱ्या हाताने पायाशी पडलेली वीट दाखवली.

"वीट?"

"राहू दे."

ती पुढे काही बोलली नाही. तिचं न बोलणं मात्र दोरीतून त्याच्या हाताला लागलं. ताईच्या फरशीवर आल्यावर दोरी हलकेच रस्त्याकडे फुगली. पूड उडू नये म्हणून गुण्या अगदी खाली वाकला आणि फुगलेल्या दोरीच्या कडेने, डोळा टोकावर न ठेवता, फक्की सोडत गेला.

शेजारचा सायकलवाला ट्यूबला पंक्चर लावत बसला होता. त्याने एक डोळा मिटून रेघेकडे बघितलं. "काय रे गुण्या, तुझ्या दोरीला दिवस गेलेत का? ताईच्या दारात पोट दिसतंय."

"वारा आहे," गुण्या म्हणाला.

"असू दे, असू दे. माहेर आलं की पोट थोडं पुढे काढूनच चालायचं असतं."

तो हसला, त्यात वाकडं काही नव्हतं. पण गुण्याचे कान तापले. तेवढ्यात मॅडम परत आली. डोक्यावरची टोपी काढून तिने कपाळ पुसलं, रेघेवरून वरवर नजर फिरवली. "तुम्हीच मारलीत ना? मग मी परत यंत्र लावत नाही. उद्या सकाळी यावर पक्का रंग मारून घेऊ." आणि बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन ती निघून गेली.

ताई मागच्या खोलीच्या दारात उभी होती. गळ्यात माप घ्यायची टेप. तिच्या फरशीचे सांधे सरळ होते, त्यांच्यावरून ती पांढरी रेघ कशी वाकत गेली आहे ते बघायला तिला यंत्र लागलं नाही. चारचौघांत ती एवढंच म्हणाली, "दोघंही चहाला या."

चहा झाला. मग ताईने कप बाजूला ठेवला.

"डोळा कुठे होता?"

गुण्या कपाचा तळ बघू लागला.

"टोकावर नव्हता. माझ्यावर होता."

"ताई, वीतभर तर आहे. एवढ्या मोठ्या रस्त्याला वीतभराने काय होतंय? टेबल बसेल तुझं."

"टेबल बसेल. आणि मी त्याच्यापाशी बसून रोज काय बघू? पोट सुटलेली भिंत?"

बायकोला हसू आलं.

"हसू नकोस गं. दोरी तू धरली होतीस ना?"

"टोक माझ्याकडे होतं, ताई. टोक सरळ आहे. पोट यांच्याकडचं."

"हं." ताईने गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. "लोक माझ्याकडे कापड टाकतात आणि निघून जातात. उरलेला तुकडा मी परत देते. चिंधीसुद्धा देते. कुणी मोजायला बसत नाही. मोजत नाहीत म्हणूनच द्यायची असते ती. त्या पोरीने आज परत यंत्र का लावलं नाही?"

गुण्याने मान खाली घातली. आणि मग, कुणालाच अपेक्षा नसताना, तो भडकला. "मग जा लेकीकडे! जा. मी काय म्हणतोय? टेबल नाही, दुकान नाही, बांध गाठोडं! तुझी रेघ सरळ राहिली म्हणजे झालं. मागे इथे कुणी..." त्याने कमरेचा गुण्या उगाच काढला आणि परत खोचला.

ताईने टेप शेवटपर्यंत गुंडाळली.

"अजून टेबलाखालीच झोपायचंय का तुला?" तिने विचारलं. आवाज मऊ होता.

तो हसला नाही. पण नाकही ओढलं नाही, एवढी शरम त्याने राखली.

"बरं, मला सांग. कापड कमी पडलं तर मी काय करते?"

"गिऱ्हाइकाला बोलतेस."

"त्यानंतर?"

"...उरेब काढतेस."

उरेब म्हणजे तिरका काप. कापड सरळ न ठेवता कोनावर ठेवून बेतायचं. शेजारच्या मुलीचा फ्रॉक असाच झाला होता, उरलेल्या तुकड्यातून. तिरकं कापलेलं कापड जरा ताण घेतं, अंगासरशी बसतं, जिथे सरळ कापड फाटलं असतं तिथे ते सोसतं.

"मग इथेही उरेब काढू की," ताई म्हणाली. "टेबलाचा जो कोपरा भिंतीला नडतो तो काप. भिंतीच्या रेघेतच काप."

"टेबल कापायचं?" गुण्याला हे सुचलंच नव्हतं. त्याच्या लेखी टेबलाला चार कोपरे असत, जसे खोलीला असत. "एवढं चांगलं लाकूड!"

"तुझ्यापेक्षा चांगलं आहे का ते? वीतभर लाकूड गेलं तर मला चालेल. तुझी रेघ गेली तर काय शिवून देऊ मी तुला?"

बायकोने पदराने चहाचा ओघळ पुसला आणि पुसतच राहिली.

"भिंत पण तूच बांधायची," ताई पुढे म्हणाली.

"ताई, ती खोली गुण्यात येणार नाही. एका बाजूला कोपरा असा निमुळता होईल, की..."

"दुसरा गवंडी बघू?"

"नाही," तो घाईघाईने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिघं अगदी पहाटे, वारा उठायच्या आत, कामाला लागली. ताईने स्वतः झाडू घेऊन कालची रेघ झाडली. फरशीवर पांढुरका डाग राहिला, तो काही जाईना. बायकोने टोक धरलं. गुण्याने विटा ठेवल्या, जिथे एक पुरली असती तिथे दोन ठेवल्या. मग त्याने खाली हाताकडे बघितलं नाही, बाजूला ताईकडेही बघितलं नाही. पलीकडच्या लाल खिळ्यावर डोळा ठेवून तो चालत गेला. रेघ ताईच्या फरशीवरून तिरकी, सरळ आणि निष्ठुर गेली.

मॅडम रंगाचा डबा घेतलेल्या माणसाबरोबर आली तेव्हा सायकलवाला दुकान उघडत होता. तिची नजर नव्या रेघेवर गेली, मग शेजारच्या पांढुरक्या डागावर.

"काल वारा होता," गुण्या म्हणाला. "आज परत मारली."

तिने थोडं थांबून मान हलवली. "हो. काल मलाही जाणवला होता वारा." आणि रंगवाल्याला म्हणाली, "चला, घ्या सुरुवात करून."

त्या वाऱ्याबद्दल तिला कितपत कळलं होतं, हे गुण्याला पुढेही कधी समजलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

सगळे गेल्यावर ताई रेघेच्या आत जाऊन उभी राहिली. वर आभाळ, समोर रस्ता, पायाशी तिरका रंग. तिने दोन्ही हात पसरले.

"एवढीच?" ती म्हणाली.

गुण्याने तोंड उघडलं. आयुष्यभर ज्याला त्याला सांगितलेलं ते वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. बायकोचे ओठही या वेळी हलले नाहीत.

भिंत बांधायला त्याने दुसऱ्या कुणाचा हात लावून घेतला नाही. विटा ओळंब्यात होत्या, थर पाण्यासारखे सपाट होते. पण कोपऱ्याशी आला की सवयीने त्याचा हात कमरेला जाई, लोखंडी पट्टी कोपऱ्यात लागे आणि डुगडुगे. तो चिडून तीच वीट पुन्हा बसवे. शेवटी ताईने ती पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली आणि कात्रीशेजारच्या खिळ्याला अडकवून टाकली.

"इथे तिचं काम नाही. तिला जरा बसू दे."

"मला उघडं वाटतंय," गुण्या कमरेला हात लावत म्हणाला.

"लग्नातही नाही काढली, आज काढली," बायको म्हणाली. "ताई, तुम्ही थोर आहात."

भिंत पूर्ण होऊन वर छप्पर पडल्यावर टेबल पुढे आणलं. ते भिंतीला नडलं, तसं ताईने कपाटातून खडू काढला. कुठे कापायचं ते गुण्या सांगायला लागला, पण तिने हात वर केला. पलीकडच्या कडेवर डोळा ठेवला आणि एका दमात रेघ ओढली. वय झालं होतं, हात थोडा थरथरत होता. रेघ नाही थरथरली. गुण्याने करवत लावली. कोपरा खाली पडला तेव्हा आवाज मोठा झाला आणि कुणीच त्याच्याकडे बघितलं नाही. नंतर तो तुकडा बायकोने उचलला. आता तिच्या ओट्यावर भांड्यांखाली असतो.

टेबल सरकवलं. कापलेली कड भिंतीला अशी चिकटून बसली, की मध्ये कागद गेला नसता. ताईने शाळेच्या गणवेशाचं कापड त्यावर पसरलं, चारी बाजूंनी हात फिरवला, कापलेल्या बाजूला थोडं अडखळली, कापड कोनावर फिरवून घेतलं, आणि कात्री उचलली. करकर असा आवाज लाकडातून खाली उतरला.

गुण्या उभा होता त्या बाजूचा कोपरा निमुळता झाला होता. तो त्याला सहन होईना. "इथे काय ठेवशील?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "मशीन मावत नाही. कपाट मावत नाही. वाया गेली ही जागा."

ताईने कात्री न थांबवता पायाने एक स्टूल त्या कोपऱ्यात ढकललं. ते बरोबर बसलं.

"चहा प्यायला आलास की तिथे बसायचं. दुसऱ्या कुणाच्या बापाला मावायची नाही ती जागा. तेवढ्यात तूच मावतोस."

तो बसला. पाठ भिंतीला टेकली तर गुडघे तिरके होत, गुडघे सरळ केले तर खांदा भिंतीत घुसे. थोडी चुळबुळ करून त्याने अंग कोनावर फिरवलं, आणि मग नीट बसता आलं. वर छप्पर होतं, चारी बाजूंनी भिंती होत्या, रस्त्याचा आवाज बाहेर राहिला होता.

"काय रे," ताईने कापडावरून मान वर न करता विचारलं, "ते तुझं काय असतं? भिंती आल्या की?"

"मोठी होते," गुण्या म्हणाला.

"झाली का?"

त्याने खोलीकडे बघितलं. मग चहाचा कप मागितला.